घाटात तापून बंद पडलेली सात सीटर: इंजिन बांधावं, दुसरं जुनं बसवावं की गाडी आहे तशी विकावी?

पारोळा_रोड

नमस्कार मंडळी. गाडी सात सीटर एसयूव्ही, २.२ लिटर कॉमन रेल डिझेल, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. नोंदणी जून २०१३, एमएच १९, पहिला मालक, १ लाख ९२ हजार किलोमीटर. मे महिन्यात भर दुपारी चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा लालवर गेला, मग एकदम खाली आला. त्यामुळे गाडी आणखी तीनेक किलोमीटर चालवली गेली. मग ओढ गेली, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद. टोचन करून आणली. आता सेल्फ मारला की एक ‘टक्’ होतं आणि इंजिन तिथंच अडतं. बॅटरी चांगली आहे. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखं दिसतंय, कूलंटची टाकी कोरडी.

एका गॅरेजने इंजिन न खोलताच ते पूर्ण बांधायचे (खोलून, दुरुस्त करून पुन्हा जोडायचे) १ लाख ९५ हजार सांगितले. दुसऱ्याने जुनं इंजिन बसवून १ लाख १० हजार. एक व्यापारी आहे तशी १ लाख ४० हजारांना मागतोय. चालू स्थितीत अशी गाडी आमच्याकडे सव्वाचार लाखांच्या आसपास जाते. गिअरबॉक्स आणि बॉडी चांगली, दोन टायर बदलायला आलेत. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच आहे. विमा झिरो डेपचा. वापर महिन्याला हजारेक किलोमीटर, शेत आणि जळगाव-धुळे. काय करावं?

बोअरगेज

भाऊ, पहिली गोष्ट: आता सेल्फ अजिबात मारू नका. काटा खाली आला तेव्हा इंजिन थंड झालेलं नव्हतं. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं तापमान दाखवतो. पाणी संपलं की तो वाफेत राहतो आणि काटा पडतो. त्या तीन किलोमीटरमध्ये हेड (सिलिंडरवरचं झाकण) कोरडं तापलंय.

‘टक्’ होऊन अडण्याची दोन कारणं संभवतात. एक, पिस्टन किंवा बेअरिंग जाम. दोन, सिलिंडरमध्ये पाणी भरून हायड्रोलॉक. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हिशोब करून बघा: २.२ लिटरच्या चार सिलिंडरमध्ये एकेकाला साधारण ५५० सीसी येतात. कॉम्प्रेशन रेशो १६.५ धरला तर पिस्टन वर असताना उरलेली जागा जेमतेम ३५ मिली. म्हणजे अर्ध्या कटिंगएवढं पाणीही इंजिन अडवायला पुरतं. पाणी दबत नाही, सेल्फचा किंवा धक्क्याचा जोर सरळ कनेक्टिंग रॉडवर येतो आणि रॉड वाकतो. म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून ढकलायलाही जाऊ नका.

हे ओळखायला इंजिन उतरवावं लागत नाही. चारही ग्लो प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा. इतक्या चाललेल्या गाडीत ते घाईने खोलले तर हेडमध्येच तुटतात आणि नवीन काम लागतं. प्लग निघाले की गिअर न्यूट्रल करून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि लांब हँडलने, इंजिन फिरतं त्याच दिशेने, सावकाश फिरवा. प्लगच्या भोकांवर तोंड धरू नका, पाणी पिचकारीसारखं उडतं. पूर्ण दोन फेरे मोकळे झाले तर खालचं काम वाचायची आशा आहे. पाणी न येता फिरणंच बंद असेल तर पिस्टन चिकटलाय किंवा बेअरिंग बसलंय.

आणि न खोलता सांगितलेला १ लाख ९५ हजारांचा आकडा धरून कोणताही निर्णय घेऊ नका. हेड उतरवण्याची आणि चेंबर (इंजिनखालचा ऑइलचा डबा) खोलण्याची मजुरी वेगळी ठरवा, ती देऊन टाका आणि पुढचा भाव मापं बघून मागा. मापं लिहून द्यायला जो मिस्त्री तयार नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

तापीकाठ

जुन्या इंजिनबद्दल सांगतो, कारण १ लाख १० हजार ऐकायला स्वस्त वाटतं. मुंबईत कुर्ल्याच्या बाजारापासून सगळीकडे ही इंजिनं मिळतात. पण घेताना बघतो कोण? जमिनीवर ठेवलेलं इंजिन रंग मारून, धुऊन ठेवलेलं असतं. ते चालू करून दाखवायला सांगा. जमत नसेल तर सेल्फ आणि बॅटरी लावून कॉम्प्रेशन टेस्ट तरी मागा. निरोगी डिझेल साधारण २४ ते ३० बार देतं, आणि चार सिलिंडरमधला फरक ३ बारच्या आत हवा. चारही सारखे २२ आले तर इंजिन झिजलेलं आहे. तीन २७ आणि एक १८ आलं तर त्या एकात काहीतरी बिघडलंय. ऑइल भरायचं झाकण काढून आत बघा, पांढरा-पिवळा फेस दिसला तर तिथूनच परत फिरा. इंटरकूलरचा पाइप काढून हात घाला. ओलं तेल भरपूर लागलं तर टर्बो गेलेला आहे.

इंजिन तुमच्याच व्हेरिएंटचं आणि त्याच बीएस (प्रदूषण नियमांच्या) टप्प्याचं हवं. वायरिंग, सेन्सर, पंप वेगळे निघाले तर गाडी चेक लाइट लावून उभी राहते. तुमचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बदलू नका, चावीचा इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) त्याला बांधलेला असतो. शक्य तर तुमचेच इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासून टाका. त्या इंजिनाबरोबर आलेले वापरले तर प्रत्येकावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत घालावा लागतो. तो न घालता बसवले की आयडलिंगला खडखड आणि काळा धूर येतो, आणि लोक दोष इंजिनाला देतात.

बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि ती नोंदणी रद्द झाल्याचा कागद, हे तीन नसतील तर इंजिन फुकट मिळालं तरी नको. बिलावर इंजिन नंबर लिहिलेला हवा.

एमएच_अठरा

कागदांची बाजू. इंजिन बदललं की आरसीवरचा नंबर चुकतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची परवानगी, बसवल्यावर १४ दिवसांत कळवणं, मग गाडी दाखवून नवा नंबर आरसीवर चढवून घेणं, अशी वाट आहे. आमच्याकडे बरेच जण हे टाळतात. मग गाडी विकताना नाव चढत नाही, आणि अपघातात विमा कंपनी नंबरवर बोट ठेवते. तुमचाच ब्लॉक ठेवून बांधलं तर नंबर तोच राहतो, ही कटकटच नाही.

झिरो डेपमुळे आशा धरू नका. तो पार्टची घट माफ करतो, पण यांत्रिक बिघाड आणि झीज साध्या पॉलिसीत येतच नाही. इंजिन प्रोटेक्ट वेगळं घेतलं असेल तर त्याच्या अटी वाचा. गाडी उभी आहे म्हणून विमा सोडू नका. मुदत संपून ९० दिवस झाले की साठलेला नो क्लेम बोनस जातो.

बोजा आधी उतरवा. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) लागतो. तो राहिला तर तुम्ही कोणालाही नीट विकू शकत नाही. व्यापाऱ्याला द्यायची ठरली तर फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे अर्ज) फक्त सही करून सोडून येऊ नका. तारीख-वेळेसह डिलिव्हरी नोट, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या आणि परिवहनच्या संकेतस्थळावर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करा. नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक म्हणून भरपाईला जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी भंगारात द्यायची तर नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथलं ठेव प्रमाणपत्र दाखवून नव्या खासगी गाडीच्या करात केंद्राच्या नियमाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गल्लीतल्या भंगारवाल्याकडे हे प्रमाणपत्र नसतं, आणि तुमची नोंदणी चालूच राहते.

एक आणखी. जून २०२८ मध्ये १५ वर्षं पूर्ण होतात. त्यानंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरण ५ वर्षांचंच, शिवाय पर्यावरण कर. हे हिशोबात धरा.

बोअरगेज

बरोबर. आता पैशाचं गणित. सव्वाचार लाखांतून १ लाख ९५ हजार वजा केले की २ लाख ३० हजार उरतात, व्यापाऱ्याच्या भावापेक्षा ९० हजार जास्त. पण खोलल्यावर निघणाऱ्या गोष्टींना ४० हजार धरा, टायरना १५ ते २० हजार, आणि ‘इंजिन बांधलेलं आहे’ म्हटल्यावर घेणारा ३०-४० हजार तोडतोच. उरलं काय? म्हणून विकण्यासाठी बांधू नये. तीन-चार वर्षं स्वतः वापरणार असाल तरच बांधा.

पारोळा_रोड

सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणे केलं. ग्लो प्लग काढले, तिसऱ्या सिलिंडरमधून पाणी आलं, नंतर क्रँक दोन फेरे मोकळा फिरला. हेड उतरवलं. गॅस्केट दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे जळलेलं. पट्टी आणि फीलर गेज लावून हेडचा वाक ०.१८ मिमी. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) होनिंगच्या (बारीक घासणीच्या) रेषा अजून दिसतात, तिसऱ्याला गंजाचा पुसट डाग आहे. रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधे कापसाची तूस आणि मातीचा थर बसलेला, बाहेरून दिसत नव्हता. गाडी ठेवायचं आमचं जवळजवळ ठरलंय.

बोअरगेज

खराब होण्याचं कारण सापडलं, हे फार चांगलं झालं. आता एक माप राहिलं, ते सगळ्यात महत्त्वाचं. डायल गेज लावून चारही पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या वर किती येतात ते मोजा. तिसरा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर रॉड वाकलाय, तो बदलायचाच. याच मापावरून हेड गॅस्केटची जाडीही ठरते. डिझेलमध्ये ती दोन-तीन जाडींत येते, कडेच्या खाचांवरून ओळखतात. दुकानदार देईल ती लावली की एकतर पिस्टन व्हॉल्व्हला लागतो किंवा कॉम्प्रेशन कमी पडतं.

०.१८ ला थेट फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) मारू देऊ नका. हेड वाकलं म्हणजे कॅमशाफ्टची ओळही वाकली. कॅम बसवून हाताने मोकळा फिरतो का बघा. अडत असेल तर हेड आधी सरळ करून घ्यावं लागतं, मग फेसिंग. फेसिंगनंतरची उंची कंपनीच्या किमान मापापेक्षा कमी होत असेल तर हेड नवीन. त्याआधी गरम पाण्यात प्रेशर टेस्ट, कारण व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या चिरा डोळ्यांना दिसत नाहीत. कडकपणाही तपासून घ्या. फार तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं आणि बोल्ट दाबला की वॉशरखाली खड्डा होतो.

क्रँक फिरतो म्हणून खालचं सोडू नका. ऑइलमधल्या कूलंटने बेअरिंग खराब होतं. चेंबर उतरवून सगळी बिग एंड शेल (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाची बेअरिंग) आणि निदान दोन मेन शेल (क्रँकची बेअरिंग) बघा. एकसारखी राखाडी असतील तर ठीक, तांब्याचा रंग दिसला तर क्रँक मायक्रोमीटरने मोजा. क्रँकचं ग्राइंडिंग ०.२५ किंवा ०.५० मिमीला करण्याआधी त्या मापाची शेल मिळतात का ते विचारा. काही क्रँकला कंपनी अशी अंडरसाइज शेल देतच नाही. तिसरा बोअर तीन उंचींवर, दोन दिशांनी मोजा. कंपनीच्या मर्यादेत असेल तर होनिंग आणि नवे रिंग, नसेल तर सिलिंडर मोठा बोअर करून घ्या.

जोडताना हेडचे बोल्ट नवेच. ते ताणून बसणारे असतात, एकदाच वापरायचे. ब्लॉकमधली बोल्टची भोकं कापडाने आणि हवेने कोरडी करा. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ब्लॉकला चीर जाते. ऑइल कूलर आणि सक्शनची जाळी धुवा, टर्बोचा ऑइल पाइप साफ करा. पहिल्यांदा इंजेक्शन बंद ठेवून सेल्फ १०-१० सेकंद मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. नाहीतर टर्बो पहिल्या मिनिटालाच कोरडा फिरतो.

रेडिएटर उतरवून स्वच्छ करा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि प्रेशरचं झाकण नवं टाका. बोअरवेलच्या पाण्याने भरू नका, आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार बारीक नळ्यांत बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदला. पहिले हजार किलोमीटर २,५०० आरपीएमच्या आत, सात माणसं आणि घाट दोन्ही नको. आणि दर वर्षी कापूस वेचणी संपली की रेडिएटर-कंडेन्सरच्या मधली फट मागच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुऊन घ्या. जोराचा फवारा पात्या वाकवतो.