निवृत्तीनंतर अ‍ॅडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा आयकर) भरला नाही, आता २,११५ रुपये जादा दाखवतंय. दंड आहे का हा?

विश्रामबागच्या बाई (सांगली)

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले, वय ५८. चौतीस वर्षांच्या नोकरीत पगारातून कर कापला जायचा, मला वेगळा एक रुपया कधी भरावा लागला नाही. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब मी किलोकिलोनं ठेवलाय, म्हणून हे फार मनाला लागलंय.

आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आकडे असे. पेन्शन महिना ५५,०००, वर्षाचे ६,६०,०००. बँकेत २० लाखांची ठेव, व्याज १,४४,०००, त्यातून बँकेनं १४,४०० कापले. पतसंस्थेत १५ लाख, व्याज १,३५,०००, तिथं काहीच कापलं नाही. पेन्शनमधूनही काही कापलं नाही. रिटर्न भरायला बसले तर नव्या पद्धतीनं कर ३७,८५६, म्हणजे बाकी २३,४५६, आणि वर आयकर कायद्याच्या २३४बी आणि २३४सी कलमांखाली २,११५. मी तर ऐकलं होतं की ज्येष्ठ नागरिकांना अ‍ॅडव्हान्स टॅक्स नसतो. मग मला का? आणि आता हे माझ्या नावावर कायमचं राहणार का?

कृष्णाकाठ (मिरज)

बाई, आधी मनातलं काढून टाका. हा दंड नाही, व्याज आहे. सरकारचे पैसे ठरलेल्या तारखेला पोचले नाहीत, तेवढ्या दिवसांचं. नोटीस नाही, ठपका नाही.

तुमची गोम वयात आहे. सूट आहे ती ६० पूर्ण झालेल्यांना, आणि तीही धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर. आपल्याकडे निवृत्ती ५८ ला, त्यामुळे मधली दोन वर्षं आपण पेन्शनर असतो पण कायद्यानं ज्येष्ठ नसतो. माझंही तिथंच अडकलं होतं. पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला फक्त पेन्शन दिसते. ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर तुमचे ५,८५,००० उरतात. त्या वर्षी ७ लाखांपर्यंत करसवलत होती, म्हणून त्यांनी शून्य कापलं. लहान पतसंस्था सभासदांच्या व्याजातून कापत नाहीत, तेही नियमाला धरूनच. प्रत्येकानं आपापलं बरोबर केलं, बेरीज मात्र कुणी केली नाही.

कापलेला कर वजा जाता १०,००० किंवा जास्त बाकी निघत असेल तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा भरायचा असतो. हप्ते चुकल्याचं २३४सी, तुमचं १,१७९. एप्रिलपासून दरमहा एक टक्का ते २३४बी, जुलैपर्यंतचं ९३६. एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. आज २९ जुलै २०२५ आहे. ३१ च्या आत स्वयंनिर्धारण कराचं (रिटर्नआधी स्वतः हिशेब करून भरायच्या बाकी कराचं) चलन भरा, नाहीतर १ ऑगस्टला आणखी २३४ रुपये वाढतील. रिटर्नची मुदत वाढली म्हणून हे व्याज थांबत नाही!

विश्रामबागच्या बाई

माझा जन्म १२ मे १९६५ चा. म्हणजे यंदा साठ झाले. पुढच्या वर्षीही हेच होणार का?

कृष्णाकाठ

नाही. वर्षात केव्हाही साठ पूर्ण झाले की ते अख्खं वर्ष ज्येष्ठ. २०२५-२६ ला अ‍ॅडव्हान्स टॅक्स नाही. शिवाय यंदा नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो, तुमचं उत्पन्न ७५,००० वजा जाता साधारण ८,६४,०००. बँकेत १५एच फॉर्म (माझ्यावर कर लागत नाही असं ज्येष्ठांनी लिहून द्यायचं निवेदन) देऊन टाका, म्हणजे कापायचेच नाहीत.

कोयनाकाठचा इंजिनिअर (कराड)

एक भर घालतो, कारण मला यात फटका बसलाय. मी ६३ वर्षांचा, पण घरांच्या मूल्यांकनाची कामं घेतो. ते व्यवसायाचं उत्पन्न, म्हणून मला सूट नाही. ४४एडीए कलमाखाली (सगळा हिशेब न ठेवता मिळकतीच्या ठरावीक टक्के नफा धरायची व्यावसायिकांची सोय) पन्नास टक्के नफा दाखवतो, त्यामुळे चार हप्ते नाहीत, पण १५ मार्चपर्यंत एकदम सगळा भरावा लागतो. बाई, शिकवण्या सुरू करणार असाल तर हे आधी विचारून घ्या.

आणि जे यंदा ५८ ला निवृत्त होतायत त्यांनी पेन्शन कार्यालयाला लेखी कळवावं की व्याजाचं उत्पन्न इतकं आहे, तेही धरून पेन्शनमधून कर कापा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९२ मध्ये तशी सोय आहे. मला हे कुणी सांगितलं असतं तर दोन वर्षांचं व्याज वाचलं असतं.

विश्रामबागच्या बाई

आज सकाळी पुतण्याला बसवून चलन भरलं, २५,५७१. पावती काढून फाईलला लावली. शिकवण्या नाही घेणार, चार-पाच मुली घरी येतात त्यांना फुकटच शिकवते. माझ्यासोबतच्या दोघीजणी पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतायत, त्यांना हे सगळं छापून नेऊन देते. १५एच उद्या.