उमराह थांबला, सिंगापूर अडकलं : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून

औरंगाबाद, गुरुवार, २७ फेब्रुवारी २०२०

सेक्रेटरी पाटील: मराठी भाषा गौरव दिनाच्या सर्वांना शुभेच्छा. वरच्या टाकीत अर्धंच पाणी आहे. टँकर संध्याकाळी येईल. गाड्या धुवू नका.

पूजाताई (बी-३०३): शुभेच्छा. सकाळपासून एकच कविता अकरा ग्रुपवर आली. कवी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा.

शेख चाचा (ए-३०२): सगळ्यांना शुभेच्छा. आमच्याकडं मात्र सकाळी सकाळी वाईट बातमी आली. कोरोनामुळं सौदीनं उमराहला, म्हणजे मक्का-मदिनेच्या यात्रेला, बाहेरच्या देशातून येणं बंद केलं. आमचं मंगळवारचं विमान होतं मुंबईहून.

जोशी काका (बी-१०४): काय सांगता चाचा! रविवारीच तर तुमच्याकडं दावत जेवून आलो.

शेख चाचा: तेच ना. हार घालून झाले, सगळ्या नातेवाइकांची माफी मागून झाली, इहराम, यात्रेचे पांढरे कपडे, इस्त्री करून बॅगेत आहे. आता मी ना इकडचा ना तिकडचा.

कदम (ए-२०४): व्हिसा लागलेला असेल तरी नाही का?

शेख चाचा: तरी नाही. मक्का नाही, मदिना पण नाही. किती दिवस ते पण सांगितलं नाही, तात्पुरतं म्हणायलेत. टूरवाल्याचा फोन पहाटेच्या नमाजपासून बिझी लागायलाय. त्याच्याकडं आमच्यासारखे पन्नास जण असतील, त्याला तरी काय बोलायचं.

डॉक्टर मॅडम (ए-१०१): चाचा, वाईट वाटलं. पण निर्णय बरोबर आहे. जगभरातून लोक एका ठिकाणी येतात, आठवडाभर खांद्याला खांदा लावून राहतात आणि परत आपापल्या गावी जातात. शिवाय उमराहला जाणाऱ्यात वयस्कर माणसं जास्त.

शेख चाचा: मॅडम, मी तक्रार करतच नाही. बोलावणं येईल तेव्हा जाऊ. बेगमची समजूत काढणं अवघड आहे फक्त. ती दोन वर्षांपासून भिशीचे पैसे साठवू लागली होती.

पवार (बी-४०२): *फॉरवर्ड* चिकन खाऊ नका!! कोंबड्यांमध्ये कोरोना सापडला!! हा मेसेज दहा जणांना पाठवा, एखाद्याचा जीव वाचेल!!

गायकवाड दादा (बी-२०२): पवार, फोटो कोंबडीच्या दुसऱ्याच रोगाचा दिसायला. माझ्या मामाचं फुलंब्रीकडं पोल्ट्री शेड आहे. पक्षी तयार आहेत, व्यापारी गाडी आणायला तयार नाही. रोज खाद्य घालावंच लागतं. असले मेसेज पाठवणाऱ्याच्या दारात त्या कोंबड्या आणून सोडाव्या वाटतात.

पवार: मला आला, मी पाठवला. काळजीपोटी.

डॉक्टर मॅडम: पवार, नीट शिजवलेल्या चिकनमधून हा आजार होत नाही. माणसाच्या खोकल्या-शिंकेतून आणि हातातून पसरतो. तुमच्या कोंबडीपेक्षा तुमच्या मोबाइलची काच जास्त पुसा.

सेक्रेटरी पाटील: ग्रुपवर खात्री न केलेले मेसेज टाकू नयेत. ही दुसरी सूचना.

पूजाताई: पहिली सूचना तुमच्याच भीमसेनी कापराच्या मेसेजवर मिळाली होती ना सर?

जोशी काका: बरं, माझा प्रश्न सोडवा कुणीतरी. आम्ही दोघं ७ मार्चला सिंगापूर-मलेशियाला चाललोय. आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढलाय. आता बावीस तारखेला आपल्याच सरकारनं सांगितलं की अत्यावश्यक नसेल तर सिंगापूरचा प्रवास टाळा. टूर कंपनी म्हणते, "टाळा" म्हणजे बंदी नाही. विमान चालू, हॉटेल चालू, तुम्ही घाबरून रद्द केलं तर पैसे कापणार. ९० टक्के कापणार म्हणे!

कदम: इन्शुरन्स काढलाय ना?

जोशी काका: काढलाय. काल रात्री भिंग घेऊन वाचला. तिथं जाऊन आजारी पडलो तर पैसे. घाबरून गेलोच नाही तर काही नाही. म्हणजे शहाणपणाला कव्हर नाही.

कदम: तारीख पुढं ढकलून देतात का विचारा. आमच्या कंपनीनं सगळ्यांचे परदेश दौरे थांबवलेत. वाळूजला नवीन मशीन येऊन पडली आहे, ती चालू करून द्यायला चीनचा इंजिनीअर येणार होता. तो काही येत नाही. मशीन पॅकिंगमध्येच आहे आणि आम्ही तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायलोत. सुटे भाग पण अडकलेत. मार्चअखेरचं टार्गेट मात्र जागेवर आहे.

पवार: काका, बिनधास्त जा. उन्हाळा लागायलाय. आपल्या मराठवाड्याच्या ऊनात ४२ डिग्रीला माणूस टिकत नाही, व्हायरस काय टिकणार?

डॉक्टर मॅडम: पवार, काका जिथं चाललेत ते सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे. तिथं बाराही महिने दुपारी तीसच्या वर तापमान असतं. आणि तिथं नव्वदच्या वर रुग्ण सापडलेत. तुमचं ऊन त्यांना कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

पूजाताई: पवार, आज तुमचा दिवस नाही.

गायकवाड दादा: काका निदान जायचं का नाही यावर विचार करायलेत. आम्हा गाईड लोकांकडं येणारे तर कधीच थांबले. जपान, कोरिया, थायलंड, चीन, बौद्ध यात्रेकरूंचे ग्रुप अजिंठ्याला हिवाळ्यात येतात. मार्च म्हणजे आमचा सिझनचा शेवटचा महिना. त्यानंतर लेणीच्या दगडावर पाय ठेववत नाही. मार्चचे माझे सगळे जपानी ग्रुप गेले. एकानं फार सभ्य मेल पाठवला, तीन वेळा माफी मागितली. माफीचं काय करू, हप्ता भरायचाय.

डॉक्टर मॅडम: दादा, देशातले लोक तर येत असतील ना?

गायकवाड दादा: येतात. पण देशातला पर्यटक जपानी भाषेचा गाईड करत नाही. मी सहा महिने क्लास लावून ती भाषा शिकलो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला दगडं विकणारी पोरं कालपासून पत्ते खेळत बसलीत. इथं एक पण पेशंट नाही, आणि आमच्याकडं आजार येऊन गेल्यासारखं झालंय.

सेक्रेटरी पाटील: टँकर ७ ऐवजी ९ ला येईल.

पूजाताई: टीव्हीवर सांगायलेत वीस सेकंद साबण लावून हात धुवा. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. वीस सेकंदात माझी अर्धी बादली जाते.

डॉक्टर मॅडम: साबण लावताना नळ बंद ठेवायचा, पूजाताई. वीस सेकंद चोळायला आहेत, पाणी सोडायला नाहीत. एक तांब्या पुरतो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सोनवणे काकू (ए-४०१): सगळ्यांना एक सांगायचं होतं. लपवून ठेवणं बरं नाही वाटत म्हणून. रोहन मिलानला शिकायलाय, तुम्हाला माहीत आहे. तिथं सोमवारपासून कॉलेज बंद आहे. जवळची गावं बंद केलीत, आत-बाहेर जाता येत नाही. तो गावं बंद असलेल्या भागात नाही, मिलान शहरात आहे. ठणठणीत आहे. परत यायचं म्हणतोय.

जोशी काका: या म्हणावं लवकर. लेकरू एकटं तिकडं.

मेसेज डिलीट केला गेला आहे.

सोनवणे काकू: पवार, डिलीट केलं तरी मी वाचलं.

पवार: काकू, गैरसमज नको. माझी आई ८१ वर्षांची आहे, दम्याची पेशंट. तुमच्याच लिफ्टनं खाली येते. मी फक्त विचारलं की काही दिवस दुसरीकडं राहता येईल का.

कदम: सेक्रेटरी साहेब, मीटिंग घ्या. परदेशातून येणाऱ्यांसाठी नियम पाहिजे.

सेक्रेटरी पाटील: ग्रुपवर मतदान घेऊ का?

पूजाताई: कशाचं मतदान? स्वतःच्या घरात यायचं का नाही याचं?

डॉक्टर मॅडम: मतदान नको. थोडं लांब लिहिते, वाचा.

परवाच, २६ तारखेला, केंद्राची सूचना आली आहे. इटली, इराण आणि दक्षिण कोरियाहून येणाऱ्यांना, म्हणजे १० फेब्रुवारीनंतर तिथं असलेल्यांना, १४ दिवस वेगळं ठेवलं जाऊ शकतं. चौदाच का, तर संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तेवढा काळ लागू शकतो. बहुतेकांना पाच-सहा दिवसांत दिसतात. विमानतळावर कपाळाला बंदूक लावतात ती फक्त ताप मोजते. ज्याला अजून ताप नाही तो त्यातून आरामात निघतो. आणि पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला पण निघतो. म्हणून मुंबईला तपासलं म्हणजे झालं असं नाही. आपल्या चिकलठाणा विमानतळावर हजचा काळ सोडला तर बाहेरदेशाचं विमान उतरत नाही. जो येईल तो मुंबईला उतरून देवगिरी एक्सप्रेसनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं सकाळी इथं असणार. आपल्या गावात तपासणी म्हणजे त्या माणसाचा स्वतःचा प्रामाणिकपणा.

आतापर्यंत देशात तीन रुग्ण सापडले, तिघंही वुहानहून केरळला आलेले विद्यार्थी. तिघंही बरे होऊन घरी गेले. ते सापडले कसे? वुहानहून आलोय हे त्यांनी सांगितलं होतं आणि आरोग्य खात्याचं त्यांच्यावर लक्ष होतं. लपून आले असते तर केरळात आज काय असतं विचार करा. रोहनच्या आईनं आपल्याला आधी सांगितलं. आपण त्यांना मीटिंगमध्ये उभं केलं तर पुढच्या वेळी ज्यांच्या घरी कुणी येणार असेल ते ग्रुपवर शुभप्रभात टाकतील आणि गप्प बसतील. पवार, तुमच्या आईला धोका त्या गप्प बसणाऱ्यापासून आहे.

आणि आईची काळजी चुकीची नाही, उगाच कुणी हसू नका. चीनमध्ये ७८ हजारांच्या वर रुग्ण झालेत, २,७०० हून जास्त गेले. दहातल्या आठ जणांचा आजार सौम्य असतो. जे गेले त्यात म्हातारे आणि आधीपासून मधुमेह, हृदयविकार, श्वसनाचे जुने आजार असणारे जास्त.

पवार: बरं मॅडम. मग नेमकं करायचं काय?

डॉक्टर मॅडम: सरकारनं ठेवून घेतलं तर प्रश्नच नाही. घरी सोडलं तर वेगळी खोली, जमलं तर वेगळं संडास-बाथरूम, चौदा दिवस घराबाहेर नाही. ताप-खोकला आला तर माझ्या क्लिनिकला येऊन रांगेत बसायचं नाही. तिथं बाकीचे पेशंट असतात. आधी १०४ या आरोग्य हेल्पलाइनला फोन, इटलीहून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगायचं. नमुना पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेला जातो, रिपोर्ट यायला वेळ लागतो.

सोनवणे काकू: आमच्याकडं दोन संडास आहेत. लिफ्ट तो वापरणार नाही, चौथा मजला असला तरी जिन्यानं येईल. तरुण आहे. तिकीट मात्र मिळेना. मिळतंय ते आठवड्यापूर्वीच्या तिप्पट भावानं, आणि मध्ये दोन ठिकाणी विमान बदलायचं. त्याचे बाबा म्हणतात, तिप्पट भाव देऊन दोन विमानतळांच्या गर्दीत बसवण्यापेक्षा खोलीत बसू दे.

शेख चाचा: वहिनी, त्याला जेवणाचं काय? दुकानं चालू आहेत का?

सोनवणे काकू: चालू आहेत. पास्ता संपला होता, परत आला म्हणे. मी दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून पुरवून खायलाय.

शनिवार, २९ फेब्रुवारी

जोशी काका: निकाल लागला. कंपनीशी पाऊण तास भांडलो. पैसे परत नाहीतच. पण एकदा तारीख बदलून देतायत, माणशी थोडे जास्त भरून. १६ मे धरलीय. तोपर्यंत सगळं निवळेल असं तिकडची मुलगी म्हणाली.

कदम: मेमध्ये उन्हाळ्याची सुट्टी, गर्दी असेल काका.

जोशी काका: असू दे. बायको म्हणाली, पैसे गेले तरी चालेल, मार्चमध्ये येत नाही. मी म्हणालो, पैसे न जाता नाही येता येत का ते बघतो.

शेख चाचा: काका, तुमचं सुटलं. आमचा टूरवाला रात्री भेटला. हॉटेलचे पैसे सौदीत अडकले, विमानवाल्यांकडून येतील तेव्हा देतो म्हणाला. व्हिसाचे विसरा म्हणाला. माणूस बरा आहे, रडायला आला होता. मजेची गोष्ट सांगू का, सरकारनं बंदी घातली म्हणून आम्हाला परत मिळायची आशा तरी आहे. तुम्हाला फक्त "टाळा" म्हणाले म्हणून तुम्ही वरून भरलेत.

जोशी काका: म्हणजे सरकारनं घाबरायला पाहिजे, आपण घाबरून उपयोग नाही.

गायकवाड दादा: आणि आमचं? माझ्या ग्रुपनं माझ्याकडं बुकिंग केलंच नव्हतं, दिल्लीच्या एजंटाकडं केलं होतं. माझा तर बुडाला म्हणायला पण कागद नाही.

पूजाताई: दादा, माझ्या ऑफिसचे दिल्लीवाले बारा जण १४ तारखेला वेरूळला यायचेत. हिंदीत सांगाल का?

गायकवाड दादा: सांगतो की. मंगळवारी वेरूळ बंद असतं एवढं लक्षात ठेवा, बाकी कधी पण.

मेडिकलवाले शिंदे (बी-१०१): मास्क आहे का म्हणून कुणी फोन करू नये. तीन दिवसांपासून माल नाही. होलसेलवाला दहा रुपयांचा मास्क पंचवीसला द्यायलाय, मी तो घेऊन तुम्हाला तीसला विकणार नाही. सॅनिटायझर दोन बाटल्या आहेत.

कदम: एक ठेवा.

पवार: एक मला. आईसाठी.

भालेराव आजी (बी-००१, बोलून टाईप): नमस्कार. नातवानं हे बोलायचं बटन दाबून दिलं आहे. मला एवढंच विचारायचं आहे नाथषष्ठीला पैठणला जायला काही अडचण नाही ना. डॉक्टर बाई सांगा.

डॉक्टर मॅडम: आजी, आजच्या घडीला सरकारची काही मनाई नाही. पण पैठणला लाखांची गर्दी असते आणि तुमचं वय ७८. ताप-खोकला असेल तर मुळीच जाऊ नका.

भालेराव आजी: खोकला मला पंधरा वर्षांपासून आहे.

डॉक्टर मॅडम: म्हणूनच म्हणते, यंदा घरूनच हात जोडा.

भालेराव आजी: जीप ठरली आहे बाई. आम्ही नऊ जणी आहोत. त्याला पाचशे रुपये अ‍ॅडव्हान्स दिलाय आणि तो परत देत नाही, विचारून झालं.