हिवाळ्यात ट्रेलरला कव्हर घालावं की नको? (मिशिगन, २२ फुटी, रबरी छप्पर)

अंगणवेल

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर) घेतला. मॉडेल २०१८ चं, वर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं छप्पर. उन्हाळ्यात पोरांना घेऊन चार फेऱ्या झाल्या, स्लीपिंग बेअर ड्यून्सची वाळू अजून गाद्यांमधून निघतेय. आता ग्रँड रॅपिड्सचा हिवाळा तोंडावर आलाय. नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठू न देणारं द्रव) भरायचं ते शिकून घेतलंय. घोडं अडलंय कव्हरपाशी.

ट्रेलर गॅरेजच्या बाजूला खडीवर उभा असतो. पश्चिमेकडून पूर्ण उघडा, त्यामुळे लेक मिशिगनवरून येणारा वारा थेट अंगावर. मागच्या कोपऱ्यावर शेजाऱ्यांचा मेपल.

नवरा म्हणतो, निळी ताडपत्री आणू, पन्नास डॉलरात काम होतंय. ज्याच्याकडून ट्रेलर घेतला तो म्हणतो, चारशेचं कव्हर घ्या नाहीतर छप्पर गेलं समजा. समोरचे आजोबा तीस वर्षं ट्रेलर ओढतायत, ते म्हणतात कव्हरनेच जास्त वाट लागते. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "मृगाच्या आधी आपण पडवीला झापं बांधतोच ना? मग बांध की." झालं. चार माणसं, चार मतं. ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा.

पावशेर

ताडपत्री नको. बाकी जाणकार सांगतीलच, पण ताडपत्री नको म्हणजे नको. खालची वाफ अडून राहते, आत बुरशी धरते, आणि त्या पितळी रिंगा वाऱ्यात बॉडीवर आपटून पत्र्याला टोचे पाडतात. ती सरपणावर घाला.

उनाडराव

अंगणवेलताई, आमचा मुक्काम मिनेसोटातलं डुलुथ, ११ हिवाळे झाले. तीन कव्हरं वापरली. एक फाटलं, एक विकलं, एक अजून आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा की बर्फाने छप्पर खराब होतं. धड छपरावर बर्फ पडला तर तो नुसता पडून राहतो. घात होतो तो फटीत शिरलेल्या पाण्याने. दिवसा वितळून आत गेलं, रात्री गोठून फुगलं, फट केसभर रुंदावली, दुसऱ्या दिवशी आणखी पाणी. असं मार्चपर्यंत चालतं. एप्रिलमध्ये कपाटामागची भिंत दाबली की बोट आत जातं. फायबरग्लासची भिंत असेल तर बाहेरून फुगवटा दिसतो, आणि तो दिसला की दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. आणि फट आधीच असेल तर कव्हर ती बुजवत नाही, झाकून ठेवतं. पाच महिने तुम्हाला पत्ता लागत नाही.

म्हणून आधी छप्पर बघा. मागे कारखान्यातूनच शिडी बसवलेली असेल तर छप्पर बहुधा पाय ठेवण्याजोगं असतं, तरी गुडघ्याखाली प्लायवुडचा तुकडा घ्या. शिडी नसेल तर वर चढू नका, बाजूने शिडी लावून बघा. सकाळी दव असताना मुळीच नाही, ओलं रबर साबणासारखं निसरडं असतं. व्हेंट (हवा जायची झडप), स्कायलाइट (छपरातली खिडकी), अँटेना, गटारपाइपची टोपी, पुढचा-मागचा सांधा, या सगळ्यांभोवती राखाडी किंवा पांढरा लेप असतो. अंगठ्याने दाबा. जरा दबला तर जिवंत आहे. कडक झालाय, वर बारीक चिरा आहेत किंवा नखाने कड उचलली जातेय, तर तिथे काम आहे. सपाट जागेवर आपोआप पसरणारा लॅप सीलंट (फटी बुजवायचा लेप) लावायचा, डायकोर कंपनीचा सगळीकडे मिळतो. ५० फॅरनहाइटच्या खाली तो नीट पसरत नाही, तेव्हा ऑक्टोबरातली एखादी उन्हाची दुपार गाठा. सिलिकॉन चुकूनही नको. रबराला ते धड चिकटत नाही, आणि नंतर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही. आधीच्या मालकाने कुठे सिलिकॉन फासून ठेवलं असेल तर खरवडून काढताना त्याला शिव्या द्यालच.

आता कव्हर. पहिलं मी स्वस्तातलं घेतलं होतं, मापाने दोन फूट मोठं. म्हटलं, सैल असलेलं बरं. जानेवारीत एका रात्री वारा सुटला. छपराच्या कोपऱ्याला पावसाचं पाणी पडायची प्लास्टिकची चोच असते ना, तिने कापडाला भोक पाडलं. भोकाची फट झाली आणि फटीची झालर. धोबी घाटावर कपडे आपटतो तसा आवाज रात्रभर येत होता, आणि उणे वीसमध्ये बाहेर जाऊन बांधायची माझी काही हिंमत झाली नाही. वसंतात उघडून बघतो तर मागच्या कोपऱ्यावर तळहाताएवढा डाग. चकाकी गेलेली, हात फिरवला तर खडूसारखं लागतं. त्याखाली पट्ट्याचं बक्कल जिथे आपटत होतं तिथे एका ओळीत सात खळगे. मी मोजलेत. तो ट्रेलर अजून आमच्याकडेच आहे, पाहुण्यांना दाखवतो.

यातून शिकलेलं थोडक्यात. माप बॉडीचं घ्यायचं, पुढचा ओढायचा दांडा धरायचा नाही, मागची शिडी आणि स्टेपनी मात्र धरायची. मॉडेलच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, टेप लावा. कापड हवा खेळणारं हवं, नुसतं वॉटरप्रूफ नको. चोच, शिडीचे कोपरे, अँटेना, जे जे टोचेल त्याला आधी पाइपला गुंडाळायचा फोम नाहीतर पोरांची पोहायची ती फोमची नळी कापून बांधायची. पट्टे पोटाखालून आडवे घ्यायचे आणि घट्ट आवळायचे, बक्कलखाली जुने मोजे. कव्हरचा फुगा झाला की संपलं.

तुमचं वर्णन वाचून माझं मत: पश्चिम उघडी आणि वारा तळ्यावरून, अशा जागी साधं तयार कव्हर मी तरी घालणार नाही. मापाने शिवून घेतलेलं टिकेल, पण ते हजाराच्या पुढे जातं. दुसऱ्या वर्षीही ट्रेलर आवडत असेल तर त्याचा विचार करा.

निवडुंग

आम्ही फिनिक्सला. उनाडरावांचं सगळं मान्य, फक्त आमच्याकडे गणित उलटं आहे. इथे शत्रू एकच, ऊन. उघडं ठेवलं तर छपरावरचा लेप तडकतो, स्टिकर सुकलेल्या केळीच्या पानासारखे चिरतात, टायरच्या बाजू भेगाळतात. कव्हर घातलं तर तेच बिचारं ऊन खातं, दोन उन्हाळ्यांत हाताला धरलं की भुगा. आम्ही ते खर्चात धरूनच चालतो, पायपुसणं बदलावं तसं. कव्हर न घेणाऱ्यांनीही टायरला पांढरे झगे जरूर घालावेत, तेवढ्याने बराच फरक पडतो.

शेवाळे_सिअॅटलवाले

आडनावाला जागून सांगतो, इकडे कव्हरखाली शेवाळ येतं. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस म्हणजे नुसती झड, धो धो नाही पण थांबतही नाही. पहिल्या वर्षी कव्हर काढलं तर उत्तरेकडची बाजू हिरवीगार आणि आत शिरल्यावर जुन्या वाड्याच्या तळघराचा वास.

चूक माझीच. छपरावरचे व्हेंट घट्ट बंद केले होते. आता त्यांवर टोपड्या बसवल्यात, खाली व्हेंट चार बोटं उघडा राहतो. आत ओलावा ओढून घेणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचे दोन डबे ठेवतो, महिन्यातून एकदा त्यात साठलेलं पाणी ओततो. गाद्या उभ्या, कपाटांची दारं उघडी, फ्रीजच्या दारात टॉवेल अडकवलेला. कव्हर असो नसो, एवढं कराच.

आणि कव्हर घातलेलं असताना आत फर्नेस, गॅसवरचा फ्रीज किंवा जनरेटर अजिबात चालवायचा नाही. धूर बाहेर जायला वाट नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पुणेरी_पाटी

विषय आमचा नाही, तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. चारशे डॉलर म्हणजे पस्तीसेक हजार रुपये! एवढ्यात आमच्या वॅगनआरला निवृत्तीपर्यंत पुरतील एवढी कव्हरं येतील, आणि सोसायटीतली मांजरं प्रत्येकावर पिल्लं घालतील.

पण एक अनुभवाचा मुद्दा. मळक्या गाडीवर कव्हर म्हणजे पॉलिश पेपर. धूळ कापडाखाली अडकते आणि वाऱ्याने घासत बसते. आमच्या काळ्या रंगाला जाळीदार ओरखडे असेच पडले. धुऊन, पुसून, कोरडं करून मगच घाला.

खटपट्या

ओहायोतून. मी कव्हर वापरत नाही, आणि त्याचं कारण अजून कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितोय. छपरावर सोलर पॅनल असेल तर कव्हरखाली ते आंधळं होतं. बॅटरी हळूहळू उतरते, आणि उतरलेली साधी लेड-अॅसिड बॅटरी २० फॅरनहाइटच्या आसपासच गोठते. गोठली की फुटते. पूर्ण चार्ज असलेली मिशिगनच्या थंडीत सहज तरते. तेव्हा कव्हर घालणार असाल तर बॅटरी काढून घरात आणा. लिथियम असेल तरी आणा, ती शून्य सेल्सियसच्या खाली चार्ज करायची नसते.

दुसरं, बर्फाचं वजन. १ इंच पाणी म्हणजे चौरस फुटाला ५.२ पौंड. २२ बाय ८ चं छप्पर १७६ चौरस फूट, म्हणजे ९०० पौंडांच्या वर. भुसभुशीत बर्फ साधारण दहा इंच साठला की एवढं होतं, ओला असेल तर त्याहून लवकर. उघड्या छपरावरून मी मऊ फोमच्या फावड्याने खाली उभं राहून ओढून काढतो. कव्हरवरचा बर्फ सुरकुत्यांत बसतो आणि कापडाला चिकटून गोठतो, ओढायला गेलं की कव्हरच ओढलं जातं.

उनाडराव

खटपट्या, बर्फाचं बरोबर. मी कव्हराखाली मधोमध प्लास्टिक पाइपचा आढा घालतो, घराच्या छपरासारखा उतार होतो. पण ते उद्योग हौशी माणसाचे, पहिल्या हिवाळ्यात नको.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शनिवारी ६४ फॅरनहाइट होतं, ऊन होतं, शिडी लावली. नवऱ्याने शिडी धरली, मी वर. (वजनाचा मुद्दा निघाला होता, तो इथे लिहीत नाही.)

बाथरूमच्या स्कायलाइटभोवतीचा लेप एका बाजूने उचललेला निघाला. नख घातलं तर पूर्ण आत गेलं, खाली काळी ओळ आणि मेपलचं एक कुजलेलं पान. म्हणजे पाणी तिथपर्यंत जात होतं. आतून छत दाबून बघितलं, अजून टणक आहे, डाग नाही. थोडक्यात वाचलो. बाकी ठिकाणी लेप मऊ आहे, पुढच्या सांध्याला एक बारीक चीर.

सैल झालेलं काढून, जागा पुसून, डायकोरच्या दोन नळ्या संपवल्या. तो मधासारखा पसरत जातो ते बघायला मजा येते. धाकटा खालून विचारत होता, आई केकवर क्रीम लावतेय का.

कव्हर यंदा घेत नाही. वारा बघता हिंमत होत नाही, आणि कव्हर घातलं असतं तर ते पान मार्चपर्यंत तिथेच राहिलं असतं. व्हेंटच्या टोपड्या मागवल्यात, बॅटरी तळघरात आणली, मेपलच्या फांदीबद्दल शेजाऱ्यांशी बोलले, ते हसत करवत घेऊन आले. ताडपत्री सरपणावर गेली. बाबांना सांगितलं, झापं नाही बांधली, शाकारणी केली. ते खूश.

निवडुंग

उत्तम. टायरचे झगे विसरू नका. आणि हो, टायरवर डीओटी (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) लिहिलेलं असतं, त्या ओळीचे शेवटचे चार आकडे काय आहेत? पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

अंगणवेल

आत्ता टॉर्च घेऊन बघून आले. २३१७. चारही टायरवर तेच.

उनाडराव

म्हणजे २०१७ चा जून, कारखान्यातून आलेलेच टायर. आठ वर्षं होऊन गेली. नक्षी कितीही छान दिसो, ते आतून संपलेत. पुढच्या मे महिन्यात पहिल्या फेरीआधी चारही बदला, भर हायवेवर फुटला तर चाकावरचा अख्खा पत्रा फाडून नेतो. झगे नव्या टायरना घाला.

अंगणवेल

चौघांचे मिळून किती होतात ते बघितलं. चारशेच्या वरच. नवऱ्याला उद्या सांगते.