मदत हवी आहे: मोठेपणी मेंदूत नवे न्यूरॉन (चेतापेशी) होतात की नाही??

अर्धवट_नोट्स: परवा सेमिनार आहे आणि मी पार अडकलोय. एक पेपर म्हणतो होतात, दुसरा म्हणतो नाही, दोन्ही नावाजलेले. खरं कुठलं धरू? आणि होत असतील तर शिकताना त्यांचा उपयोग काय? प्लीज लवकर सांगा

पेशीवाला: कुठले पेपर? उंदरांवरचे की माणसांवरचे? काहीच लिहिलं नाहीयेस.

पहाटफेरी: पेपर राहू दे, पळायला लाग. पिंजऱ्यात पळायचं चाक दिलेल्या उंदरांमध्ये नवे न्यूरॉन वाढले आणि ते शिकलेही चांगले, हे १९९९ मध्येच दाखवलंय. मी दोन वर्षं पळतोय, वाचलेलं जास्त लक्षात राहतं.

अर्धवट_नोट्स: माणसांवरचेच हो, १९९८ आणि २०१८! पळण्याचं विचारलंच नाहीये मी

पेशीवाला: मग पद्धत बघ. १९९८ ला एरिक्सन-गेज यांच्या टीमने कॅन्सरच्या पेशंटना आधी दिलेलं ब्रोमोडीऑक्सीयुरिडिन हे खूण करणारं रसायन त्यांच्या मृत्यूनंतर डेंटेट गायरसमध्ये (आठवणी-शिकण्याशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसचा एक भाग) शोधलं. पेशी विभागताना ते डीएनएत शिरतं, म्हणून ज्या न्यूरॉनमध्ये सापडलं ते नवे. २०१८ ला सोरेल्स वगैरेंनी डबलकॉर्टिन हे कोवळ्या न्यूरॉनमधलं प्रोटीन शोधलं, प्रौढांमध्ये मिळालं नाही. पण मृत्यूनंतर टिश्यू किती उशिरा आणि किती वेळ फिक्स केला (टिकवणाऱ्या रसायनात ठेवला) यावर ते दिसणं अवलंबून असतं. २०१९ मध्ये दुसऱ्या टीमने फिक्सिंग काटेकोर ठेवलं तर ऐंशी पार केलेल्यांतही सापडलं.

कार्बन१४: डबलकॉर्टिनवर कशाला अडून बसता? अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ डीएनएत मोजून (त्यावरून पेशी कधी जन्मली ते कळतं) २०१३ ला हिशोब केलाय, डाव्या-उजव्या प्रत्येक हिप्पोकॅम्पसमध्ये रोज साधारण ७०० नवे. विषय संपला.

पेशीवाला: संपला कसा, तो आकडा गणिती मॉडेलमधून काढलेला अंदाज आहे, पेशी मोजून नाही.

सुगरण_पक्षी: कॅनरी पक्ष्यांचं बघा ना, गाण्याशी संबंधित भागात मोठेपणीही नवे न्यूरॉन येतात, १९८० च्या दशकातलं काम आहे, फार सुंदर.

अर्धवट_नोट्स: पक्षी नकोत, शिकण्याचं सांगा कोणीतरी!!

मंदगती: मी सांगते. हे बहुतेक उंदरांवरून कळलंय, स्लाइडवर तसं लिहीच. नवा न्यूरॉन साधारण चार ते सहा आठवड्यांचा असताना जुन्यांपेक्षा सहज उत्तेजित होतो आणि त्याचे सिनॅप्स (दुसऱ्या न्यूरॉनशी असलेल्या जोडण्या) पटकन बदलतात. नवे न्यूरॉन बंद पाडले तर उंदरांना अगदी सारख्या दोन जागा वेगळ्या ओळखणं जड जातं, लांबच्या जागा मात्र जमतात. म्हणजे ‘मिळतंजुळतं वेगळं ठेवणं’ हे त्यांचं काम. उलट २०१४ मध्ये असंही दिसलं की शिकून झाल्यावर ते वाढवले तर उंदीर शिकलेलं विसरतात, कारण बहुधा नव्या जोडण्या जुन्यांना विस्कटवतात.

पहाटफेरी: म्हणजे पळून विसरायला होतं?

मंदगती: त्या उंदरांना आधी शिकवून मग पळवलं होतं. क्रम महत्त्वाचा.

अर्धवट_नोट्स: हे विसरण्याचं माहीतच नव्हतं, स्लाइडमध्ये घेतो. सिनॅप्स बदलतात म्हणजे नेमकं काय ते पण विचारतील, कोणी आहे का जागं?