सूझांच्या सेबॅस्टियनला सूट का?

चित्रार्थी: गोमंतकीय चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या १९५५ सालच्या 'मिस्टर सेबॅस्टियन' या चित्राविषयी विचारायचे आहे. युरोपीय परंपरेत संत सेबॅस्टियन, म्हणजे श्रद्धेपायी बाणांचा मारा सोसलेला ख्रिस्ती हुतात्मा, तरुण, जवळजवळ विवस्त्र, झाडाला किंवा खांबाला बांधलेला आणि अंगात बाण रुतलेले असूनही शांतपणे वर पाहणारा असा रंगवला जातो. सूझांनी मात्र त्याला गडद सूट चढवला आणि बाण चेहऱ्यात व मानेत रोवले. ही संताची विटंबना समजावी की त्याच्याविषयीची आस्था?

फोंताइन्हासकर: मला यात विटंबना दिसत नाही. गोव्यातील साळगावच्या कॅथलिक घरात १९२४ साली जन्मलेल्या सूझांनी चर्चमधील रक्ताळलेल्या, काटेरी मुकुटाच्या मूर्तीचा लहानपणी मनावर उमटलेला ठसा स्वतःच लिहून ठेवला आहे. आमच्या पणजीतील सेबॅस्टियनच्या कपेलातही (छोट्या प्रार्थनामंदिरातही) क्रूसावरचा येशू मान खाली न टाकता उघड्या डोळ्यांनी समोर पाहतो. हा क्रूस पूर्वी इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप असलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, वाड्यात होता, हे ठाऊक असले की त्या नजरेपुढे उभे राहणे अधिकच अवघड होते. अशा मूर्तींच्या सहवासात वाढलेल्या माणसाला संताची वेदना सुंदर करून दाखवणे खोटे वाटले असावे. संताची ओळख बाणांवरून पटते आणि ते बाण त्यांनी राखले आहेत. सुटामुळे तो संत रोज कामावर जाणाऱ्या एखाद्या माणसासारखा आपल्या जवळ येतो.

रेषालेखक: तुलनेसाठी आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे अवश्य पाहावीत. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या गोमंतकीय चित्रकाराने येशूची आई मरिया हिला साडी नेसवली, त्यावरून गोव्यात टीका झाली आणि पुढे त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केले. वेश बदलूनही त्यांनी भक्तिचित्रातील प्रसन्नता जपली. सूझांनी मूळची जखम ठेवली आणि दिलासा तेवढा काढून घेतला. माझ्या मते अधिक धाडसाचा बदल हा दुसरा आहे.

चित्रार्थी: दोघांचेही आभार. मी सुटाकडेच पाहत राहिलो होतो. सूझांचे १९५९ सालचे, सध्या लंडनच्या टेट संग्रहात असलेले 'क्रूसिफिक्शन' आता पुन्हा पाहिले. त्यातील काळ्या, काटेरी रेषांच्या येशूच्या चेहऱ्यावरही दिलासा कुठेच सापडत नाही.