पूर ओसरल्यावर काय होतं? कन्हान, वैनगंगा, वर्धेकाठच्यांनी आपापलं लिहा

मी नोकरीसाठी नागपुरात राहतो पण गाव मौदा तालुक्यात, कन्हानच्या काठी. पावसाळ्यात आमच्या घरी फोनवर तब्येत नंतर विचारतात, आधी विचारतात पाणी कुठवर आलं. पुराचे व्हिडिओ दोन दिवस फिरतात, पुलावरचं पाणी, बोटीतली माणसं, आणि मग कोणी काही विचारत नाही, म्हणून हा धागा. पाणी गेल्यानंतरचं लिहा, आठ दिवसांनंतरचं किंवा दोन वर्षांनंतरचं. शुद्धलेखन कोणी पाहणार नाही.

माझ्यापासून सुरू करतो. 2020 चा ऑगस्ट संपत आला होता, महालक्ष्म्या उठून दोनतीनच दिवस झालेले, कोरोनामुळे मीपण गावीच होतो. पाऊस होता, पण पाणी आलं ते वरून. कन्हान आणि पेंच दोन्ही छिंदवाड्याकडून येतात, तिकडं चौराईचं धरण भरलं की तिथलं पाणी तोतलाडोहच्या धरणात, तिथून नवेगाव खैरीच्या धरणात आणि मग आम्ही. तोतलाडोहचे 14 गेट उघडले तेव्हा गावात मेसेज फिरत होता, पण पाणी किती वाजता आणि कुठवर येईल हे त्यात कुठंच नव्हतं, आणि वावरातली मोटार काढायला रात्री कोण जाणार. सकाळी पाहतो तर बांधी (धानाचा वाफा) नाही, धुरा (बांध) नाही, सगळीकडे एकच लालसर पाणी. ते उतरल्यावर धानावर बोटभर गाळ होता, रोवणी होऊन महिनाच झालेला. बाबांनी एक चूड उपटला, नाकाला लावला आणि म्हणाले, सडला. पंचनाम्यात धान आलं, पण मोटार, स्टार्टरची पेटी आणि वाहून गेलेले पाईप नाही आले, ते कुठं लिहायचेच नसतात म्हणे. पुढचा गहू पाण्याशिवाय कसा करायचा, मग सोसायटीचं कर्ज असताना बाहेरून पैसे घेतले. ते फिटायला तीन वर्षं लागली, आणि माझ्या बहिणीचं नर्सिंगचं ॲडमिशन त्याच वर्षी राहिलं ते राहिलंच.

कुही तालुक्यातून

दादा, आमचं आंभोऱ्याकडे. इथं कन्हान वैनगंगेला मिळते आणि खाली गोसीखुर्द धरणाचं पाणी तुंबलेलं असतं, त्यामुळे आधी जो पूर एका दिवसात उतरायचा तो आता उभाच राहतो, आणि सोयाबीनला उभं पाणी दोन दिवसही चालत नाही, मुळं सडून पिवळं पडतं. अजून एक सांगते जे कोणी बोलत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांत पाणी घुसलं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, पण नाग नदीचं पाणी शेवटी कन्हानला म्हणजे आमच्याकडेच येतं ना. शहराचा सगळा कचरा, पन्न्या (प्लास्टिकच्या पिशव्या), इंजेक्शनच्या सुया, सगळं धुऱ्याला अडकलेलं. निंदणाला बाया यायला तयार नव्हत्या, पायाला खाज सुटते म्हणून. मी आणि सासूबाईंनी आठ दिवस फक्त पन्न्या वेचल्या, त्या दिवसांची मजुरी कोणत्या कागदात येते?

पारशिवनीकडून

आमच्या नावावर सातबारा नाही, आम्ही ठेक्यानं वावर करतो. तीन एकर पऱ्हाटी (कापूस) होती, ठेक्याचे पैसे आधीच दिलेले, बियाणं खत कृषी केंद्रातून उधार. पूर आला, तलाठी साहेब आले, फोटो काढले, मी हात जोडून उभी होते, आणि मदत जमा झाली मालकाच्या खात्यात कारण नाव त्याचं. मालक वाईट माणूस नाही, त्यानं त्यातले थोडे दिले पण तेही आम्ही मागायला गेलो तेव्हा, आणि माझ्या नवऱ्याला कोणाच्या दारात उभं राहायची सवय नव्हती. दिवाळीनंतर तो बुटीबोरीला कंपनीत लागला, पोरीला घेऊन मी गावात. आमच्याकडे पुरात माणूस मेला नाही म्हणून लोक म्हणतात तुमचं बरं झालं.

नरखेड तालुका, मोवाड

माझं वय आता पासष्टीच्या पुढं आहे, टायपिंग नातू करून राहिला आहे. 30 जुलै 1991, वर्धा नदी. दोनशेच्या वर माणसं गेली एका गावातली. त्या सकाळचं मी लिहीत नाही, लिहिल्या जात नाही. नंतरचं विचारलं म्हणून सांगतो. गाव नव्या जागेवर बसवलं, घरं मिळाली, पण जुन्या गावात कोणाच्या शेजारी कोण होतं ते नव्या लाइनीत राहिलं नाही. ज्यांच्या घरातली सगळीच गेली त्यांच्या वावराचे फेरफार करायला वर्षं गेली. माझी संत्र्याची झाडं नदीकडच्या बाजूला होती, मुळासकट गेली. संत्रा लावल्यावर फळ यायला पाचसहा वर्षं लागतात, तेवढ्यात भाऊ नागपूरला हमालीला गेला आणि तिकडचाच झाला.

वरच्या ठेक्याच्या वावरावाल्या ताईंना

ताई, तुमचं वाचून आमचं आठवलं. आमचा दुधाचा धंदा, कामठीच्या पुढं. दोन म्हशी कोठ्यात बांधलेल्या, दावं कापायला वेळ मिळाला नाही. एक कोठ्यातच मेली, एक वाहून गेली. दुभत्या म्हशीला 37,500 मिळतात असा नियम, पण त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट पाहिजे. वाहून गेलेलीचा रिपोर्ट कुठून आणू? वरती कुटार (जनावरांचा सुका चारा) सगळं भिजून काळं पडलं, त्यामुळे जी गाय वाचली होती तीपण दोन महिन्यांत विकली. बायकोनं कोठा अजून तसाच झाडून ठेवला आहे.

एक प्रश्न

कोणाला दुखवायचं नाही पण खरंच विचारतो, दर दोनचार वर्षांनी हेच होत असेल तर नदीकाठचं वावर विकून दुसरीकडे का घेत नाही?

मौदा, धागा काढणारा

प्रश्न रास्त आहे, घरीपण हा विषय झालेला आहे. पहिली गोष्ट म्हणजे दर पुरात बुडणारं वावर घेणार कोण आणि काय भावानं. दुसरी म्हणजे याच गाळाच्या मातीत रब्बीचा गहू, वांगी, मिरची अशी येते की चांगल्या वर्षी एका हंगामात उधारी फिटते, बाबांनी त्याच वावरावर आम्हाला शिकवलं. आम्हाला नदी नको असं नाहीच. पाणी सोडण्याआधी वेळेवर आणि नीट सांगा, पंचनाम्यात जे गेलं ते सगळं लिहा, आणि जो कसतो त्याचं नाव त्यात येऊ द्या, एवढंच मागणं आहे. अतिवृष्टी धरायला महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पाऊस मोजावा लागतो, पण आम्हाला बुडवणारा पाऊस पुष्कळदा आमच्या मंडळात पडतच नाही, तो छिंदवाड्याला पडतो, हे तालुक्याला समजावण्यात बाबांच्या किती चकरा गेल्या.

हिंगणघाटकडून

2022 च्या जुलैत वणा नदीचं पाणी दोनदा आलं, पेरणी दोनदा केली. दुसऱ्या वेळी बियाण्यासाठी आईनं गळ्यातलं मोडलं. जास्त लिहिता येत नाही.

मौदा, धागा काढणारा

काल रात्री बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. मोवाडच्या काकाजींचं ऐकून बराच वेळ बोललेच नाहीत. मग पारशिवनीच्या ताईंचं पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि विचारलं, ते तीन एकर यंदा कोण करून राहिलं? ताई, जमलं तर सांगा, ते आज सकाळी परत विचारत होते.