अग्निवीराला ‘माजी सैनिक’ का म्हणायचं नाही?

कोरेगावकर: 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी सैन्यात घेतलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची मुदत 2026 च्या अखेरीपासून भरतेय. 25 टक्क्यांपर्यंत पोरं कायम होणार, बाकीची घरी. पेन्शन नाही, ठीक. साध्या जवानालाही 15 वर्षं भरल्याशिवाय ती लागू होत नाही. पण शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी घेतलेला, अधिकारीसुद्धा पेन्शनविनाच बाहेर पडतो, तरी ग्रॅच्युइटी मिळाल्यामुळे माजी सैनिक ठरतो. अग्निवीराला ग्रॅच्युइटीच ठेवलेली नाही. मग लष्करी कॅन्टीनचं कार्ड नाही, ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना नाही, माजी सैनिकांच्या कोट्यावर हक्कही नाही. ही मेख मुद्दाम मारलीय, असं माझं मत.

निवृत्त हवालदार: सेवानिधी विसरलात काय? चार वर्षं संपली की हातात एकरकमी, व्याजासकट 11.71 लाख, तेही करमुक्त. आणि आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के जागा आहेत. सतरा वर्षं नोकरी करून, गुडघे झिजवून आलेला माणूस तिथे अर्ज करतो. त्याच्यासमोर पंचविशीच्या आतलं पोरगं उभं केलं तर लेखी परीक्षेत कोण पुढे जाईल, सांगा बरं.

पाटीलबुवा: हवालदारसाहेब, त्या अकरा लाखांत पोराच्या स्वतःच्या पगारातले दरमहा 30 टक्के आहेत. सरकारही तेवढेच टाकतं. बक्षीस असल्यासारखं काय सांगताय!

माणदेशी: कॅन्टीन आणि कोटा जरा बाजूला ठेवा हो. ड्युटीवर नियमित जवानाचा पाय गेला, तर नोकरी दोन वर्षांची असो की वीस, त्याला जन्मभर अपंगत्व पेन्शन. त्याच गस्तीत शेजारी चालणाऱ्या अग्निवीराचा गेला, तर अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे एकरकमी 15, 25 नाहीतर 44 लाख, आणि उरलेल्या मुदतीचा पगार. पुढची चाळीस वर्षं कृत्रिम पाय बदलायचे कुणी? महागाई भत्ता एकरकमी पैशाला लागत नाही.

निवृत्त हवालदार: अपंगत्वाचं एकदम मान्य. तिथे फरक करणं चूकच आहे. पण धडधाकट परत येणाऱ्यांना आमच्या 15 टक्क्यांत घुसवू नका. केंद्रीय पोलीस दलांत त्यांना वेगळ्या राखीव जागा आहेत, तसं राज्यानेही वेगळं काढावं.

कोरेगावकर: वेगळं काढा, हरकत नाही. पण कोटा म्हणजे दर्जा नव्हे. सैनिक कल्याण कार्यालयात गेल्यावर त्याची माजी सैनिक म्हणून नोंद झाली पाहिजे, हे तुम्हाला मान्य आहे का? तेवढं सांगा.

निवृत्त हवालदार: नोंद करा. ओळखपत्रही द्या. कोटा नाही.